स्वीट अँड सॉर पोर्कच्या एका प्लेटवरून चायनीज हॉटेल कसं ओळखायचं?

नवीन शहर, अनोळखी गल्ली. कोपऱ्यावर लाल पाटीचं एक छोटं चायनीज हॉटेल. आत सात-आठ टेबलं, भिंतीवर पदार्थांचे फोटो आणि मेनूकार्डात दीडशे नावं. खिशात मोजके पैसे आणि पोटात कडकडून भूक.

आता मागवायचं काय? आणि पहिल्याच प्लेटमध्ये हे हॉटेल पुन्हा येण्यासारखं आहे की नाही, हे कळणार कसं?

आपण उडप्याकडे गेलो की साधा डोसा मागवून हॉटेल जोखतो. मिसळवाल्याला कटावरून ओळखतो. तसंच हाँगकाँगपासून लंडनपर्यंत साध्या कँटनीज हॉटेलांच्या बाबतीत बरेच खवय्ये एकच पदार्थ मागवून बघतात, तो म्हणजे स्वीट अँड सॉर पोर्क.

गंमत म्हणजे याच पदार्थाला नाकं मुरडणारेही भरपूर आहेत. "हे काय खरं चायनीज नाही, गोऱ्या लोकांसाठी बनवलेलं गोडमिट्ट प्रकरण आहे," असं म्हणत ते पुढचं पान उलटतात.

मग खरं काय? हा पदार्थ आला कुठून, त्याच्यावरून हॉटेलची पारख का होते आणि ती करायची कशी? सविस्तर बघूया.

आधी हा पदार्थ नेमका काय आहे?

डुकराच्या मांसाचे घासाएवढे तुकडे मुरवायचे. अंडं आणि स्टार्चचं पीठ लावून तळायचे. मग व्हिनेगर, साखर आणि टोमॅटो केचपच्या आंबट-गोड सॉसमध्ये ढोबळी मिरची, कांदा आणि अननसासोबत मोठ्या आचेवर काही सेकंद परतायचे. झाला पदार्थ.

कँटनीज भाषेत याला 'गू लोऊ युक' म्हणतात. यातल्या 'युक'चा अर्थ मांस. 'गू लोऊ' कुठून आलं यावर मात्र एकमत नाही. कुणी म्हणतं तो शब्द 'फार जुना' या अर्थाच्या शब्दावरून आला, तर कुणी म्हणतं वास आल्यावर घशातून जो गटकन आवाज येतो त्याच्यावरून आला. दुसरी गोष्ट जास्त चविष्ट आहे, पण त्यामुळे ती जास्त खरी ठरत नाही.

बाकी आंबट-गोड ही जोडी चीनला नवीन नाही. तिकडे तिला 'तांग-त्सू' म्हणतात, शब्दशः साखर-व्हिनेगर. शानतुंग प्रांतात पीत नदीचा मासा असाच करतात, सूचौ शहरात खारीच्या आकारात कापलेला अख्खा मासा असाच करतात. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. चिंच-गुळाची आमटी खाऊन मोठे झालेलो आपण, आंबट आणि गोड एका भांड्यात नांदतात हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

कँटनच्या बंदरातला पदार्थ

गू लोऊ युकचं माहेर म्हणजे दक्षिण चीनमधला क्वांगतुंग प्रांत. त्याची राजधानी क्वांगचौ, म्हणजे जुनं कँटन.

१७५७ ते १८४२ या काळात युरोपीय व्यापाऱ्यांना चीनमध्ये समुद्रमार्गे व्यापार करायला हे एकच बंदर मोकळं होतं. शहराबाहेर नदीकाठी त्यांच्या वखारी होत्या. मुंबईचे पारशी व्यापारीसुद्धा तिथे जायचे. जमशेटजी जीजीभॉय यांनी तरुणपणी कँटनच्या अनेक सफरी केल्या होत्या.

कँटनमध्ये आंबट-गोड बरगड्या आधीपासून व्हायच्या. सांगतात ते असं, की परदेशी पाहुण्यांना ती चव आवडली, पण टेबलावर बसून तोंडातून हाडं काढणं काही जमेना. म्हणून आचाऱ्यांनी हाडं काढून नुसत्या मांसाचे तुकडे वापरायला सुरुवात केली. ही आख्यायिका म्हणूनच घ्यायची. पण हाडांची जुनी आवृत्ती आजही कँटनीज हॉटेलांत मिळते, हे मात्र खरं.

पूर्वी या सॉसचा आंबटपणा आणि लाली केचपमधून येत नसे. हॉथॉर्न नावाची लाल, बोरासारखी आंबट फळं आणि खारवलेले आलुबुखार त्यासाठी वापरत. काही जुन्या वळणाचे आचारी आजही वापरतात.

मग केचप आला. आणि इथे एक भन्नाट गोष्ट आहे.

'केचप' हा शब्दच मुळात चीनच्या किनाऱ्यावरचा असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. फूच्येन प्रांतातल्या होक्किएन बोलीत 'के-त्स्याप' म्हणजे खारवलेल्या माशांचा सॉस. इंग्रज खलाशांनी तो आग्नेय आशियातून उचलला. इंग्लंडमध्ये त्याच नावाने अळंबीचे, अक्रोडाचे केचप होऊ लागले. १८१२ मध्ये अमेरिकेत जेम्स मीस यांनी टोमॅटो केचपची कृती छापली आणि १८७६ मध्ये हाइन्झ कंपनीने आपला टोमॅटो केचप बाजारात आणला. तोच पुढे बाटलीत बसून कँटनीज कढईत परत पोचला.

म्हणजे केचप घातलेलं चायनीज हे नकली चायनीज, असं म्हणणाऱ्याला एवढं सांगायला हरकत नाही की शब्द तरी आपल्या घरीच परतला.

अननसाची गोष्टही अशीच. अननस, टोमॅटो आणि ढोबळी मिरची ही तिन्ही मुळात अमेरिका खंडातली. कोलंबसाला अननस १४९३ मध्ये कॅरिबियन बेटांवर दिसला. आशियात ही मंडळी आली ती प्रामुख्याने पोर्तुगीज आणि स्पॅनिश जहाजांमधून. टोमॅटोला चिनी लोक आजही 'परदेशी वांगं' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. आपला 'अननस' हा शब्दसुद्धा दक्षिण अमेरिकेतल्या तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे आपल्याकडे आला.

आणि कँटनच्या तोंडाशी असलेलं पोर्तुगीजांचं मकाव? १८४४ पर्यंत त्याचा कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता. व्हिनेगर आणि डुकराचं मांस यांची दोस्ती गोव्याच्या विंदालूत आहे, ती पोर्तुगीजांकडूनच आलेली. गोव्याचा विंदालू आणि कँटनचा गू लोऊ युक हे भाऊ नव्हेत. पण दोघांच्याही अंगणात एकाच दर्याची जहाजं लागायची.

पण पारख करायला हाच पदार्थ का?

कँटनीज आचाऱ्याची खरी परीक्षा घ्यायची तर तांदळाच्या रुंद नूडल्स बीफसोबत कोरड्या परतायला सांगा, अशी हाँगकाँगमध्ये समजूत आहे. नूडल्स तुटता कामा नयेत आणि ताटात तेल साचता कामा नये. कुणी अंडा फ्राइड राइसवरून पारख करतात. दोन्ही कसोट्या चांगल्याच आहेत.

पण स्वीट अँड सॉर पोर्कचा फायदा असा, की तो एकाच प्लेटमध्ये पाच गोष्टी उघड करतो.

एक, तेल ताजं आहे की नाही. दोन, तळणाऱ्याला आच कळते की नाही. तीन, सॉस ऑर्डर आल्यावर बनतो की सकाळच्या डब्यातून ओतला जातो. चार, मांसाचा कुठला भाग आणलाय. आणि पाच, सगळं एकत्र करून टेबलावर आणायची वेळ कुणी सांभाळतंय की नाही.

शिवाय हा पदार्थ जवळपास प्रत्येक कँटनीज हॉटेलात असतो आणि बहुधा महाग नसतो. त्यामुळे एका हॉटेलची तुलना दुसऱ्याशी करता येते. आणि यात लपायला जागा नाही. तिखट नाही, मसाल्यांचा भडिमार नाही. चूक झाली की पहिल्या घासाला कळते.

आता मुद्द्यावर येऊ. प्लेट आली, बघायचं काय?

१. खाण्याआधी कान द्या

हॉटेल छोटं असेल तर स्वयंपाकघराचा आवाज येतो. ऑर्डर दिल्यावर तळण्याचा आवाज यायला हवा आणि मग कढईवर डाव आपटल्याचा. ऑर्डर देऊन दोन मिनिटांत प्लेट समोर आली तर खूश होऊ नका. तुकडे आधीच तळून ठेवले होते आणि वरून गरम सॉस ओतला, एवढाच त्याचा अर्थ.

एक तळणी आधी करून ठेवणं हा मात्र गुन्हा नाही. चांगले आचारीसुद्धा दोनदा तळतात. पहिल्यांदा १६० ते १७० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे मांस आतून शिजतं. दुसऱ्यांदा १९० अंशांच्या जवळ, अगदी थोडा वेळ, म्हणजे आवरणातलं पाणी उडून ते कुरकुरीत होतं. दुसरी तळणी तुमची ऑर्डर आल्यावर झाली का, हा खरा प्रश्न.

२. ताटाचा तळ बघा

सॉस प्रत्येक तुकड्याला चिकटलेला हवा. तुकडे चकाकायला हवेत, पण ताटात सॉसचं तळं नको. सॉस जाणवावा पण वाहताना दिसू नये, असा कँटनीज स्वयंपाकाचा जुना दंडक आहे.

तुकडे सॉसमध्ये पोहत असतील तर दोनच शक्यता. एकतर सॉस पातळ राहिला, किंवा तुकड्यांची संख्या कमी असल्याचं झाकायचं होतं.

सॉस जेलीसारखा थरथरत असेल तर कॉर्नफ्लॉवर जास्त झालंय. चांगल्या सॉसला दाटपणा येतो तो बराचसा साखर आटून. आपण पाक करताना तार बघतो ना, तसाच तो अंदाज. कॉर्नफ्लॉवरचं काम फक्त शेवटचा हात फिरवण्यापुरतं.

३. पहिला तुकडा, आवरण

चावल्यावर आवाज यायला हवा. सॉस लागूनही आवरण कुरकुरीत राहणं, हीच तर या पदार्थाची कमाल आहे.

आवरण पातळ हवं. तुकडा अर्धा तोडून बघा. भज्यासारखा पिठाचा जाड थर आणि मध्ये बोटाच्या पेराएवढं मांस असेल तर तुम्ही पिठाचे पैसे देताय. आवरण मांसापासून सुटून टोपीसारखं हातात येत असेल, तर मांस ओलं असताना पीठ लावलं होतं किंवा तेल पुरेसं तापलेलं नव्हतं.

४. मग मांस

जाणकार आचारी मानेजवळचा किंवा खांद्याचा भाग घेतो. त्यात मांसाबरोबर थोडी चरबी असते, त्यामुळे तळूनही तुकडा रसाळ राहतो. नुसतं लुसलुशीत, अजिबात चरबी नसलेलं मांस तळल्यावर कोरडं आणि धाग्यासारखं होतं.

दुसरं टोक म्हणजे मांस इतकं मऊ, की चावल्यावर रबरी बुळबुळीत लागतं आणि त्याला मांसाची चवच नसते. तिथे खाण्याचा सोडा जास्त पडलाय. स्वस्त, चिवट मांस मऊ करायचा तो सोपा मार्ग आहे. थोडा सोडा चालतो, पण तो जाणवायला लागला की समजा हिशेब कुठे वाचवलाय.

आणि तुकडा आतून कच्चा असेल तर पुढे पारख-बिरख काही नाही. प्लेट परत द्या. अमेरिकी कृषी विभागाच्या नियमाप्रमाणे डुकराच्या अखंड मांसाचं आतलं तापमान निदान ६३ अंश सेल्सिअस व्हायला हवं आणि त्यानंतर ते ३ मिनिटं तसंच राहू द्यायला हवं. एवढ्या छोट्या तुकड्याला तिथवर पोचायला वेळ लागत नाही. त्यामुळे इथे कच्चेपणाला सबब नाही.

५. सॉसची चव

आधी आंबट की आधी गोड? चांगल्या सॉसमध्ये याचं उत्तर चटकन देता येत नाही. आंबटाने तोंडाला पाणी सुटतं, मागून गोडवा येतो आणि शेवटी थोडा खारटपणा राहतो.

नुसताच जॅमसारखा गोड लागला तर व्हिनेगरला हात आखडलाय. नाकात झिणझिण्या आणि घशात खवखव आली तर व्हिनेगर शिजलंच नाही. आणि कच्च्या केचपची ती ओळखीची, सँडविचची चव आली तर बाटली सरळ कढईत रिकामी झाली आहे.

हाँगकाँगचे आचारी केचपसोबत तांदळाचं व्हिनेगर, चपटी तपकिरी साखर आणि बरेचदा वूस्टर सॉस वापरतात. हा शेवटचा तर थेट इंग्रजांचा वारसा. त्यामुळे तिथल्या सॉसला नुसत्या केचपपेक्षा खोल चव येते.

६. भाज्या आणि अननस

ढोबळी मिरची आणि कांदा करकरीत हवेत, रंग जिवंत हवा. लोळागोळा झालेली मिरची म्हणजे पदार्थ पुन्हा गरम केलाय.

अननस डब्यातला असला तर नाक मुरडू नका. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, जे मांसातली प्रथिनं तोडतं. ताजा अननस खाऊन जिभेला चरचरतं ते बरंचसं त्याच्यामुळेच. डब्यात भरताना अननस तापवला जातो, त्यात हे एन्झाइम निकामी होतं. त्यामुळे डब्यातला अननस या पदार्थात चालून जातो. फक्त त्याचा गोड पाक सॉसमध्ये ओतलेला नसावा.

७. तेलाचा वास

ही सगळ्यात महत्त्वाची कसोटी, कारण इथे प्रश्न चवीच्या पुढे जाऊन तब्येतीचा होतो.

तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की ते काळपट होतं, फेसाळतं आणि कमी तापमानालाच धूर सोडायला लागतं. अशा तेलातला तुकडा खवट लागतो, आवरण गडद होतं आणि खाऊन झाल्यावर टाळूला तुपकट थर राहतो. सॉस कितीही झणझणीत असला तरी हा थर लपत नाही.

भारतात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने यासाठी मर्यादा घातली आहे. तळणाच्या तेलातले पोलर घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा नियम जुलै २०१८ पासून लागू आहे. आपल्याकडे ते मोजायचं यंत्र नसतं. नाक मात्र असतं.

८. शेवटचा तुकडा

एक तुकडा मुद्दाम बाजूला ठेवा आणि दहा मिनिटांनी खा. चांगला असेल तर कुरकुरीतपणा थोडा उतरलेला असेल, पण तुकडा खावासा वाटेल. वाईट असेल तर आवरण ओल्या कागदासारखं सुटलेलं असेल. गरम असताना बरंच काही खपून जातं. थंड झालं की खरं कळतं.

कशावरून मार्क कापायचे नाहीत?

लोक सर्वात जास्त चुकतात ते इथे.

लाल रंग. केचप, हॉथॉर्न आणि आलुबुखार यांनी लाल-केशरी रंग येतोच, त्यामुळे लाल म्हणजे भेसळ असं नाही. शंका घ्यायची ती बोटाला आणि नॅपकिनला लागून न जाणाऱ्या भडक, चमकत्या रंगाची.

घरपोच डबा. बंद डब्यात वाफ कोंडते आणि जगातलं कुठलंही आवरण मऊ पडतं. रस्त्यात चाळीस मिनिटं फिरलेल्या डब्यावरून आचाऱ्याला एक स्टार देणं म्हणजे पावसात भिजलेल्या पापडावरून लाटणारीला नावं ठेवणं. उलट हॉटेलने सॉस वेगळ्या डबीत दिला असेल तर त्याचे मार्क वाढवा. तुमच्या घरी पोचेपर्यंतचा विचार कुणीतरी केलाय.

भांड्यांची चमक आणि खुर्च्या. कळकट टेबल आणि अस्वच्छ टेबल यांत फरक आहे. जुनं फर्निचर चालेल, चिकट टेबल नाही.

देश बदलला की पेपर बदलतो

सगळीकडे एकच उत्तरपत्रिका घेऊन जाऊ नका. हाच पदार्थ प्रत्येक देशात वेगळा झालाय.

ईशान्य चीनमधल्या हार्बिनमध्ये 'गुओ बाओ रोऊ' मिळतो. हे शहर १८९८ च्या सुमारास रशियन रेल्वेमुळे वसलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या चिनी अधिकाऱ्याच्या आचाऱ्याने, झंग शिंगवन यांनी, रशियन पाहुण्यांच्या जिभेला रुचेल असा हा पदार्थ केला असं मानलं जातं. यात मांसाचे चपटे काप असतात, बटाट्याच्या स्टार्चचं आवरण असतं आणि मूळ पद्धतीत केचप नसतो. सॉस जवळपास पारदर्शक असतो. प्लेट समोर आल्यावर व्हिनेगरच्या वाफेने ठसका लागला तर तो इथे दोष नाही, तीच खूण.

कोरियात 'तांगसुयुक'. १८८३ मध्ये इंचनचं बंदर खुलं झाल्यावर शानतुंगहून आलेल्या चिनी लोकांच्या हॉटेलांतून कोरियात जे चायनीज रुजलं, त्यातला हा पदार्थ. तिथे सॉस वरून ओतायचा की तुकडा सॉसमध्ये बुडवायचा, यावरून ओतणारे आणि बुडवणारे असे दोन तट आहेत. मित्रांमध्ये यावरून खरोखर वाद होतात.

जपानमध्ये 'सुबुता'. 'सु' म्हणजे व्हिनेगर आणि 'बुता' म्हणजे डुक्कर. तिथला सनातन वाद म्हणजे यात अननस असावा की नसावा.

आणि ब्रिटन. १९५० आणि ६० च्या दशकांत हाँगकाँगच्या ग्रामीण भागातून बरीच कुटुंबं ब्रिटनला गेली. अनेकांनी फिश अँड चिप्सची दुकानं चालवायला घेतली आणि तिथेच चायनीज विकायला सुरुवात केली. त्यामुळे तिथल्या मेनूकार्डात दोन वेगळ्या ओळी दिसतात. एक पिठात घोळवलेले गोल गोळे आणि सोबत डबीत भडक सॉस. दुसरी 'हाँगकाँग स्टाइल', म्हणजे भाज्या-अननसासोबत कढईत परतलेला. शिकायला किंवा नोकरीला तिकडे गेलेल्या मराठी मंडळींनी एवढं लक्षात ठेवावं, पारख करायची तर दुसरी ओळ मागवा.

अशा दुकानांच्या काउंटरमागे कसं जगणं असतं, हे वाचायचं असेल तर वेल्समधल्या एका छोट्या गावात आई-वडिलांच्या टेकअवेत वाढलेल्या अँजेला हुई यांचं 'टेकअवे' हे २०२२ चं आत्मकथन आहे. शाळा सुटल्यावर पोरं दुकानात, रात्री गिऱ्हाईक संपेपर्यंत सगळं घर कामात.

आता 'हे काय खरं चायनीज नाही' या वाक्याकडे परत बघा. बाहेरच्यांच्या जिभेला रुचेल असं बनवणं ही त्या लोकांची लबाडी नव्हती. परक्या देशात घर चालवायचा तो रस्ता होता. म्हणून प्रश्न खरं की खोटं असा नसून चांगलं केलंय की उरकलंय असा आहे. पिठाचा गोळासुद्धा नीट तळता येतो आणि वाईटही.

इथे मात्र ही परीक्षा लावायचीच नाही

सेचुआन हॉटेलात जाऊन स्वीट अँड सॉर पोर्कवरून निकाल देणं म्हणजे खानावळीत जाऊन पिझ्झा मागवणं. तिथे मापो टोफू मागवा. शीआनच्या हॉटेलात हाताने ओढलेल्या रुंद नूडल्स मागवा.

आणि लानचौच्या नूडल्सचं हॉटेल असेल तर पोर्क मागूच नका. हा पदार्थ प्रामुख्याने हुई मुस्लिम समाजाचा. तिथे डुकराचं मांस शिजत नाही आणि विचारलेलंही बरं दिसत नाही.

महाराष्ट्रात आणि गोव्यात काय?

आपल्याकडच्या चायनीजचं घराणंच वेगळं. कोलकात्याच्या हक्का चिनी समाजातून ते आलं आणि मुंबईत वाढलं. चिकन मंचुरियनचं श्रेय नेल्सन वँग यांना दिलं जातं, सालही १९७५ सांगतात. त्यामुळे नाक्यावरच्या गाडीची पारख शेजवान राइस आणि लॉलीपॉपवरून करणंच न्यायाचं.

महाराष्ट्रातल्या बहुतेक चायनीज हॉटेलांत पोर्क नसतंच. गोव्यात मात्र पोर्क घरचं आहे, त्यामुळे तिथल्या चायनीज हॉटेलांत स्वीट अँड सॉर पोर्क मेनूवर सापडतो. इतरत्र याच कसोट्या स्वीट अँड सॉर चिकनला, पनीरला किंवा कोबीलाही लागू पडतात. मांसाचा मुद्दा तेवढा सोडायचा. आवरण, सॉस, भाज्या आणि तेल तेच.

रंगाचा मुद्दा आपल्याकडे जास्त गंभीर आहे. २०२४ मध्ये गोव्यातल्या म्हापसा पालिकेने कृत्रिम रंग आणि अस्वच्छतेच्या तक्रारींवरून स्टॉलवरच्या गोबी मंचुरियनवर बंदी घातली. त्याच वर्षी मार्चमध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरायला मनाई केली. म्हणजे 'लाल आहे, छान दिसतंय' एवढ्यावर फोटो टाकून मोकळं होण्याचे दिवस गेले.

स्टार देण्याआधी एवढं करा

फोन हातात आहे, ॲप उघडलंय, बोट एका स्टारवर आहे. थांबा. स्वतःला पाच प्रश्न विचारा.

हॉटेल कुठल्या प्रांताचं जेवण करतं, हे मी बघितलं का?
पदार्थ तिथेच बसून गरम खाल्ला की डब्यातून आणला?
तेल खवट होतं का?
आवरण, मांस, सॉस आणि भाज्या, यांतलं नेमकं काय बिघडलं?
मी गेलो ती वेळ कुठली होती, जेवणाची की दुपारी साडेतीनची?

मग जे बिघडलं ते स्पष्ट लिहा. 'बकवास' असं लिहिण्यापेक्षा 'आवरण जाड होतं, सॉस फार गोड होता' असं लिहिलं तर पुढच्या गिऱ्हाइकाला उपयोग होतो आणि हॉटेलवाल्यालाही सुधारता येतं. छोट्या हॉटेलात कढईसमोर बहुधा एक किंवा दोनच माणसं असतात. एका स्टारचा फटका थेट त्यांच्या पोटावर बसतो. तेल खराब असेल, मांस कच्चं असेल तर मात्र भीड ठेवू नका, लिहाच. तिथे दुसऱ्यांच्या तब्येतीचा प्रश्न आहे.

आणि प्लेट चांगली निघाली तर? तेही लिहा. पैसे देताना आत डोकावून आचाऱ्याला "मस्त झालं होतं" एवढं सांगा.

मग पुढच्या वेळी मेनूकार्डातली उरलेली एकशे एकोणपन्नास नावं बिनधास्त मागवायला तुम्ही मोकळे.